अबीचा गुरुवार

भाषेला आत्मा असतो, हे वाक्य मी तीस-बत्तीस वर्षे वर्गात म्हटले. ते म्हणताना आवाज थोडा खाली आणायचा आणि खिडकीबाहेर पाहायचे, अशी माझी पद्धत होती. परीक्षेत त्यावर टीप लिहायला पाच गुण असत आणि बहुतेकांना साडेतीन मिळत. आत्मा म्हणजे नेमके काय, असे मला कुणी विचारले नाही. विचारले असते तर मी त्याला पुढच्या तासाला यायला सांगितले असते.

निवृत्त झाल्यावर आम्ही वर्ध्याला लागून पिपरी मेघेत घर बांधले. वर एक खोली जास्तीची काढली. मुलगा सुटीत येईल म्हणून काढली, तो आला नाही, म्हणून भाड्याने दिली. पहिल्या दोन वर्षांत एक बँकवाला आणि एक औषध कंपनीचा माणूस राहून गेला. तिसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता एक मुलगी आली. ती कझानची होती. व्होल्गा नदीकाठचे शहर. इथल्या हिंदी विद्यापीठात दहा महिने हिंदी शिकायला आली होती. वसतिगृहात तिला झोप लागत नव्हती, म्हणून बाहेर खोली शोधत होती.

बायकोने तिला दारातच उभे करून तीन प्रश्न विचारले. मांस शिजवशील का, दिवा-पंखा बंद करून जाशील का, आणि एवढ्या लांब काऊन आली? मुलीने पुस्तकातल्या हिंदीत उत्तर दिले, "माताजी, मैं आपको किंचित भी कष्ट नहीं दूँगी." बायको माझ्याकडे वळून म्हणाली, "अजी, हे तर तुमच्यासारखीच बोलते. देऊन टाका खोली."

मुलगी रशियाहून आली म्हणून गल्लीने तिला रशियन ठरवले होते. ती दुरुस्त करायची: "रशियन नहीं, तातार." याने काही सोपे झाले नाही. इतिहासाच्या पुस्तकात तातार घोड्यावर बसून येतात आणि पुढच्या ओळीत शहर जळालेले असते. समोरच्या घरातले निवृत्त वनरक्षक, हे स्वतः गोंड, त्यांनी तिला नीट न्याहाळून मला सांगितले, "सर, हे पोरगी तर सायकलवर पण भेते." खरेच भीत होती. तिचे म्हणणे असे की तिचे पूर्वज नदीकाठी शेती करत होते, मधमाश्या पाळत होते, आणि तुम्ही म्हणता ते घोडेवाले त्यांच्यावरही येऊन गेले. फक्त जाताना नाव मागे ठेवून गेले.

रोज संध्याकाळी साडेसहाला ती गच्चीवर पाण्याच्या टाकीला टेकून फोन लावायची. पलीकडे तिची आजी. त्यांच्यात आजीला अबी म्हणतात. माझी खुर्ची खाली अंगणात असते आणि कान बरे आहेत, त्यामुळे ती भाषा मी चार-पाच महिने रोज ऐकली. घशाच्या मागून येणारे आवाज, मग अचानक एक मऊ, ओठ पुढे काढून म्हटलेला स्वर. मधूनच ओळखीचा शब्द डोके वर काढायचा. हवा. दुनिया. किताब. खबर. बाजारात गर्दीत आपल्या गावचा माणूस दिसावा आणि हाक मारेपर्यंत निघून जावा, तसे व्हायचे.

माझ्या बायकोची आणि अबीची ओळख फोनवरच झाली. बायको गच्चीवर पापड काढायला गेली होती. मुलीने फोन तिच्याकडे फिरवला. पडद्यावर डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली, गाल लाल असलेली बाई. मागे खिडकी, आणि तिकडे दुपारचे चारच वाजलेले असताना खिडकीत काळोख.

"काय व, तिकडे दुपारीच रात्र होते का?" बायकोने मुलीला विचारले.

तिकडून अबी काहीतरी बोलली. मुलीने सांगितले, अबी विचारते आहे की हातात काय आहे. बायकोने पापड दाखवला. अबीने उठून जाऊन एक बटाटा आणून दाखवला. मग हे रोजचेच झाले. बायको वांगे दाखवायची, अबी कोबी. बायको अंबाडीची जुडी, अबी कसल्याशा मुरंब्याची बरणी. एकमेकींचा एक शब्द कळत नसताना त्या वीस-वीस मिनिटे बोलायच्या. मी निवृत्त भाषाशिक्षक, मला हे थोडे लागले.

मुलगी घरी आईवडिलांशी रशियनमध्ये बोलत असे. वडिलांना तातार समजे, पण ते उत्तर रशियनमध्ये देत. शाळेत आता ती भाषा आठवड्याला दोन तास, तेही पालकांनी तसा अर्ज लिहून दिला तर. लहानपणी प्रत्येक उन्हाळा ती अबीच्या गावी काढायची, म्हणून तिला ती आली. तिच्या धाकट्या भावाच्या उन्हाळ्यात पोहण्याचे शिबिर होते, म्हणून त्याला आली नाही. एखादी भाषा अशाही कारणाने जाते. कुणाला लढाईत हरावे लागत नाही.

एकदा तिने सांगितले, अबीच्या आईची पत्रे अबीकडे आहेत, टॉवेलात बांधलेली. ती अरबी अक्षरांत आहेत. अबी शाळेत जाईपर्यंत त्यांची लिपी बदलली, आणि मग पुन्हा एकदा बदलली. अबीला रशियन वळणाची अक्षरे शिकवली गेली. म्हणजे आईने लेकीला लिहिलेले लेकीला वाचता येत नव्हते. ती ईदला गाठ सोडायची, हात फिरवायची, आणि पुन्हा बांधायची. माझ्याकडे पणजोबांचे मोडीतले कागद आहेत, त्यांच्यावर मी हातही फिरवत नाही.

फेब्रुवारीत शहरातल्या एका संस्थेने मातृभाषा दिनाचा कार्यक्रम ठेवला. व्यासपीठावर नऊ जण आणि समोर त्यांच्या घरची माणसे. मी प्रमुख वक्ता असल्यामुळे मुलीला आणायची जबाबदारी माझी. सकाळपासून ती गप्प होती. मी समजलो, व्यासपीठाची भीती. अध्यक्षांनी तिची ओळख "चंगेजखानाच्या पराक्रमी वंशातील कन्या" अशी करून दिली. मी भाषेच्या आत्म्यावर बोललो. आवाज योग्य ठिकाणी खाली आणला. मग सूत्रसंचालकाने तिला विनंती केली की आपल्या भाषेत दोन शब्द सांगावेत, काहीही चालेल.

ती माइकपाशी गेली. दोन शब्द नाही, चार-पाच वाक्ये बोलली. सावकाश, प्रत्येक शब्द जागेवर ठेवत. शेवटी थोडी थांबली. आम्ही टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष माझ्या कानाशी म्हणाले, "काय गोडवा आहे हो." मी मान हलवली आणि आणखी जोरात वाजवल्या. तिला शाल, नारळ आणि सन्मानचिन्ह मिळाले.

परत येताना ऑटोत तिने नारळ मांडीवर धरला होता. मी विचारले, काय बोललीस? तिने सरळ पुढे बघत सांगितले, तिच्या त्या हिंदीत. माझी अबी परवा वारली. सकाळी चहा ठेवला आणि खाली बसली, ती उठली नाही. काल तिला पुरले. मी तिथे नव्हते.

ऑटोवाल्याने आरशातून मागे पाहिले. मला सुचलेला पहिला प्रश्न असा की हे आम्हाला आधी का सांगितले नाही. ती म्हणाली, वडिलांनी फोनवर बातमी दिली ती रशियनमध्ये. ती आईशी बोलली तीही रशियनमध्ये. ही गोष्ट अजून कुणी अबीच्या भाषेत म्हटलीच नव्हती, आणि एकदा कुठेतरी मोठ्याने म्हणायला हवी होती. "आप लोगों ने कहा था, कुछ भी चलेगा."

त्यांच्यात दुसऱ्याच दिवशी दफन करतात. कोणतेही विमान पकडले असते तरी ती मातीला पोचली नसती. बायकोला मी घरी येऊन सांगितले. तिने पोळपाट बाजूला ठेवला आणि वर गेली.

गुरुवार तिसऱ्या दिवशी होता. माझी बायको गुरुवारचा उपास करते. दिवसभर साबुदाणासुद्धा नाही, दिवेलागणीनंतर सोडायचा. त्या संध्याकाळी मुलगी खाली आली आणि तिने स्वयंपाकघर अर्धा तास मागितले. तिला तेलात काही तळायचे होते.

अबीने शिकवलेली गोष्ट अशी. गुरुवारी संध्याकाळी गेलेल्यांच्या रूहा आपापल्या माणसांच्या घरी येतात आणि उंबऱ्याशी उभ्या राहतात. आपली आठवण आहे का, एवढेच त्यांना बघायचे असते. त्यांना खाता येत नाही, वास मात्र घेता येतो. म्हणून त्या संध्याकाळी तेल तापवायचे आणि पिठाचे काहीतरी तळायचे, वास बाहेर जाऊ द्यायचा. नाव घेऊन दोन शब्द बोलायचे. मग जे तळले ते जिवंत माणसांनी खायचे. वास नाही आला तर रूह आल्या पावली रडत परत जाते.

माझे प्रश्न तयार होते. अबी कधी कझानच्या पुढे गेली नव्हती. ती वर्ध्याला कशी पोचणार? तिकडे गावात तिचे घर आहे, तिथे नाही का जाणार? मुलीने विचार करून उत्तर दिले. अबीचे घर बंद आहे. वडील हे करत नाहीत, त्यांच्या फ्लॅटमध्ये तळलेले चालत नाही. हे घर अबीने पाहिले आहे, टाकी, पापड, काकू, सगळे. "और कहाँ जाएगी?"

बायकोने एकच प्रश्न विचारला. "तेल कोणतं लागते? जवसाचं हाय, सोयाबीनचं हाय."

मुलीने कणीक, दूध, थोडी साखर, चिमूटभर मीठ घेऊन पातळसर भिजवले आणि तव्यावर तेलात जाड जाड सोडले. त्याला ती कोयमाक म्हणायची. बायको म्हणाली, हे तर धिरडं. खिडकी सताड उघडली. मुलगी गॅसपाशी उभी राहून हळू आवाजात म्हणाली, "किल, अबी, उतर." ये, अबी, बस. मग दोन-तीन वाक्ये पुढे बोलली, आणि एकदम अडली. एक शब्द आठवत नव्हता. ती रशियन शब्दापाशी आली आणि तो तिने गिळला. तव्यावरचे करपले.

नंतर जेवताना तिने सांगितले, ती नेमकी कशाला घाबरते. रूह आली तरी तिच्याशी बोलायला भाषा हवी. अबीला रशियन बाजारापुरती यायची. मुलीचे तातार रोज अबीशी बोलण्यावर चालू होते, जसा हातपंप रोज उपसण्यावर चालू राहतो. आता इथे तिला तातारमध्ये तू म्हणायला कुणी नाही. एक्कावन्न दिवसांनी मोठे जेवण घालतात. त्या दिवशी मांस हाडांपासून सुटते, आणि जाणाऱ्याला ते सोपे जावे म्हणून घरच्यांनी सभोवती बसून बोलायचे असते. तोपर्यंत आपल्या तोंडात किती उरेल, हे तिला सांगता येत नव्हते.

"एक्कावन्न?" बायको म्हणाली. "आमच्यात तेरा दिवसांत मोकळं करून टाकतो माणसाले. लई जीव लावता बाप्पा तुम्ही." बायकोची आई अल्लीपूरला वारली तेव्हा दहाव्याला कावळा पटकन शिवला होता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मला आता वाटते, हिने टाकला नसावा.

"तू माझ्याशी बोलत जाय," ती मुलीला म्हणाली.

"काकू, आपको तातार नहीं आती."

"तुह्या अबीले वऱ्हाडी येत होती का?"

तसे सुरू झाले. मुलगी संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्यावर बसून तातारमध्ये बोलायची, बायको भाजी निवडत वऱ्हाडीत. कुणी कुणाला भाषांतर करून देत नव्हते. मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जायचो.

मुलगी काहीतरी लांबलचक सांगायची. बायको म्हणायची, "हो ना. पुरुषमाणसाले काय समजते त्यातलं." मुलगी हसायची, म्हणजे बहुतेक बरोबर असावे.

मी वही घेऊन शब्द उतरवायला बसलो, अर्थ विचारू लागलो. बायको म्हणाली, "अजी, तुम्ही बाहेर बसा. ते पोरगी तुमच्या वहीकडं पाह्यते अन् अडखळते." मी बाहेर बसलो. वहीत सत्तावीस शब्द आहेत.

मार्चमध्ये मी एक चूक केली. चांगल्या हेतूने, म्हणजे जास्त वाईट. स्वयंपाकघराच्या भिंती पिवळ्या पडत होत्या, बायको खोकत होती, म्हणून मी विजेवर चालणारी चिमणी बसवून घेतली. बसवणाऱ्याने उदबत्ती धरून दाखवली. धूर वर गेला आणि नाहीसा झाला. मुलगी दारात उभी होती. तिने त्याला विचारले, "यह गंध को कहाँ ले जाती है?"

"कहीं नहीं मॅडम," तो अभिमानाने म्हणाला, "अंदरच खा जाती."

त्या गुरुवारी मी आतल्या खोलीतून उठून आलो. तेलाचा धूर दाटला होता, दोघींच्या डोळ्यांतून पाणी येत होते. मी हात लांब करून बटण दाबले. यंत्र घरघरले आणि स्वयंपाकघर क्षणात स्वच्छ झाले. मुलगी वाक्याच्या मध्येच थांबली. बायकोने माझ्याकडे पाहिले, तसे तिने लग्नानंतर दोन-तीनदाच पाहिले असेल. मुलीने हळूच हात वर नेऊन बटण बंद केले. पुन्हा तेल घातले, पुन्हा पीठ सोडले. पण हात थांबत होता. शेवटी गॅस बंद करून ती म्हणाली, "लौट गई होगी."

रागाने नाही. गाडी सुटली, असे सांगावे तसे.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. अंधश्रद्धेवर मी व्याख्याने दिली आहेत, आर्वीला तर दोनदा. पण त्या आठवड्यात मला ती बाई सारखी दिसत राहिली. दिसत राहिली म्हणजे समोर नव्हे. फुलाफुलांचा रुमाल, हातात काहीतरी दाखवायला आणलेले, बटाटा किंवा कोबी, आणि आमच्या फाटकापाशी उभी. मी सकाळी दूध घ्यायला फाटक उघडायचो आणि उगीच थोडे जास्त उघडायचो. संध्याकाळी अंगणात बसलो की साडेसहाला गच्चीकडे कान जायचा. तिथे आता कुणी बोलत नव्हते. तरी टाकीत पाणी चढताना जो आवाज होतो, त्यात मला घशाच्या मागचा तो स्वर ऐकू यायचा. बायकोने एकदा विचारले, "फाटक काऊन उघडं ठेवून राह्यले तुम्ही?" मी म्हटले, कडी गंजली आहे.

पुढच्या बुधवारी मी स्टुलावर चढून चिमणीची जाळी आणि आतला पंखा काढून टाकला. हमी त्यामुळे रद्द झाली. तो डबा अजून ओट्यावर लटकतो आहे, शोभेला.

एक्कावन्नावा दिवस एप्रिलमध्ये आला. उन्हाने गच्चीवर पाय ठेववत नव्हता. मुलीला तीन गोष्टी हव्या होत्या: कुराणातले वाचणारे कुणी, जेवायला म्हातारी माणसे, आणि त्यांना देण्यासाठी साबण, रुमाल आणि पांढऱ्या दोऱ्याचे रीळ. दोरा कशासाठी, हे तिलाही ठाऊक नव्हते. अबी द्यायची. शहरात मी आणि ती साबण आणायला गेलो, तर दुकानदाराने विचारले, लग्न आहे का घरी.

वाचायला मागच्या गल्लीतले निवृत्त उर्दू मास्तर आले. पांढरा झब्बा, हातात छत्री. मी त्यांना गुरुवारच्या वासाचे थोडे जपून सांगितले. मला वाटले, नाराज होतील. ते म्हणाले, "जुमेरात को फातेहा तो हमारे यहाँ भी दिलाते, सर. ये वास का मैंने नहीं सुना." मग तव्याकडे बघत म्हणाले, "लेकिन है अच्छा." समोरचे वनरक्षक आणि त्यांची बायको आली, आणखी गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या. बटाट्याची भाजी, भात, आणि कोयमाक ताटभर. बायकोने सकाळपासून तळले होते. सगळी गल्ली तेलाच्या वासाने भरली होती, त्यात कसलीच शंका नव्हती.

मास्तरांनी वाचले. आवाज म्हातारा, पण पक्का. मग मुलगी उठली नाही, बसूनच बोलू लागली. भिंतीपाशी एक प्लास्टिकची खुर्ची तिने रिकामी ठेवली होती, तिच्याकडे बघत. मला वाटले होते, दोन मिनिटे बोलेल. ती बोलत राहिली. उन्हाळा असावा त्यात, कारण हात पाण्यात चालवल्यासारखे चालवले. एक म्हैस किंवा गाय होती, तिने शिंगे दाखवली. मध्ये हसली. दोनदा अडली; पहिल्यांदा शब्द सापडला, दुसऱ्यांदा सापडला नाही, तेव्हा तिने तो वळसा घालून सांगितला आणि पुढे गेली. आम्हा सात-आठ जणांना काही कळत नव्हते. पंखा फिरत होता. त्या खुर्चीकडे बघायचे की नाही, हे कुणाला ठरवता येत नव्हते, आणि सगळे बघत होते. मास्तर मान हलवत होते, मधूनच एखादा शब्द पकडून, "हाँ, वक्त," "हाँ, दुनिया."

ती थांबली. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

मग वनरक्षकांची बायको म्हणाली, "मी मायच्या फोटोशी बोलते. गोंडीत. घरात दुसऱ्या कोणाले येते? याईले म्हणते बोला, तर हे म्हणतात, विसरलो." वनरक्षक खाली बघत होते. त्यांनी आणखी एक कोयमाक घेतले.

निघताना प्रत्येकाला साबण, रुमाल आणि दोरा मिळाला. मास्तरांनी रीळ छत्रीच्या दांड्याला अडकवले.

मुलगी जूनमध्ये गेली. रडारड फारशी झाली नाही. बायकोने लोणचे बांधून दिले. "पोचली की फोन करजो." "करजो काकू," मुलगी म्हणाली, 'करीन' म्हणायला हवे होते, पण कुणी दुरुस्त केले नाही.

मला वाटले, गुरुवार संपले. पुढच्या गुरुवारी दिवेलागणीला घरात तेलाचा वास आला. मी समजलो, बायकोला उपास सोडायला धिरड्याची सवय लागली. मी आत जाऊन भिंतीपाशी खुर्ची होती तिच्यावर बसू लागलो.

"तिथं नका बसू," बायको पाठमोरीच म्हणाली.

मी उभा राहिलो.

"तुम्हाले दुसऱ्या खुर्च्या नाई का?"

मग तिने खिडकी उघडली आणि तव्याकडे बघत म्हटले, "किल, अबी, उतर." तो स्वर तसाच, ओठ पुढे काढून. माझ्या वहीतले सत्तावीस शब्द मला कधी असे म्हणता आले नाहीत. पुढे ती वऱ्हाडीत बोलू लागली. पाऊस लांबला, गुडघे दुखून राह्यले, पोरीचा फोन नाही आला. ते सगळे अबीला होते. नंतर आवाज थोडा बदलला, शब्द जुने झाले, अल्लीपूरकडचे, आणि मला कळले की आता ती अबीशी बोलत नाही. मी बाहेर येऊन बसलो.

मुलीचा फोन गणपतीनंतर आला. पडद्यावर तिचा चेहरा, मागे लोखंडी पलंग. तिच्या काकाने अबीचे गावातले घर विकले. ती कझानच्या दुसऱ्या टोकाला नोकरी करते, तिथल्याच वसतिगृहात राहते. तिथे तेल तापवले की छतावरचा भोंगा वाजतो. एकदा वाजला, खाली बोलावून सही घेतली. वडिलांना विचारले, ते म्हणाले, हे सगळे अबीबरोबर गेले. तिने पत्रे आणली आहेत, टॉवेलासकट, पण वास कुठे करायचा, ते तिला कळत नाही. किती गुरुवार रिकामे गेले, ते मोजायचे तिने सोडून दिले होते.

"काकू, मले माहीत नाई अबी कुठं जाते," ती म्हणाली.

"इथं येते," बायको म्हणाली. "कुठं जाईल? एक गुरुवार खाली नाई गेला. तू काऊन रडून राह्यली?"

तिकडे बराच वेळ काही दिसले नाही, फक्त छत. मुलीने फोन खाली ठेवला होता.

दिवाळीनंतर बायकोला आर्वीला जावे लागले. भाचीचे बाळंतपण होते, आठ-दहा दिवसांचे काम. जाताना तिने मला गॅस, दूध, झाडे, सगळे सांगितले. गुरुवारबद्दल काही बोलली नाही. मला वाटले, विसरली. गुरुवारी दुपारी चारला तिचा फोन आला.

"कणीक डब्यात हाय. साखर तुम्हाले माहीत हाय."

"मी?"

"मग काय मी एसटीनं येऊ?"

दिवेलागणीला मी खिडकी उघडली. फाटकही उघडून आलो. ते कुणी सांगितले नव्हते. खुर्ची भिंतीशी नीट केली. पीठ भिजवले, तेल घातले, धूर येईपर्यंत थांबलो. पहिले दोन तव्याला चिकटले. तिसरे सुटले आणि वास खिडकीतून बाहेर गेला, गल्लीत, समोरच्या घराकडे, तिथून पुढे. घरात कुणी नव्हते. मी मागे वळून पाहिले नाही. तव्याकडे बघत म्हटले, "किल, अबी, उतर." आवाज खाली आणला नाही, तो आपोआप गेला. मग काय बोलायचे ते मला सुचेना. बत्तीस वर्षे मी या विषयावर बोललो होतो. शेवटी मी सांगितले की काकू आर्वीला गेली आहे, पोरगी बरी आहे, पत्रे तिच्याकडे आहेत, आणि त्या गुरुवारी बटण मी दाबले होते.

मागे काही हलले नाही. पण मी गॅस बंद केला तो सावकाश, कुणी बोलत असताना करतात तसा.

रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा मुलीचा निरोप आलेला दिसला. काकूने तिला सांगितले असावे. तिने विचारले होते, काकाजी, आली का?

मी हो म्हणून लिहिले. मग तिसरे कोयमाक मोडून तोंडात टाकले. त्यात मीठ घालायचे राहून गेले होते.